बोटे थांबतात, अक्षर थांबत नाही

कागदावर पेनने लिहिलेले आपले नाव आणि फळ्यावर खडूने लिहिलेले तेच नाव शेजारी ठेवून पाहा. कागदावर लिहिताना मुख्यतः बोटे आणि मनगट हलतात. फळ्यावर कोपर आणि खांदा. स्नायू वेगळे, आकार कितीतरी मोठा, तरी अक्षराचे वळण तेच राहते. ओल्या वाळूत पायाच्या अंगठ्याने नाव लिहिले तर ते वेडेवाकडे येते, पण त्यातही आपल्या वळणाच्या खुणा सापडतात. ‘हस्ताक्षर’ हा शब्द या अर्थाने थोडा फसवा आहे. अक्षर हातातून बाहेर पडते, पण त्याचा आराखडा मेंदूत असतो.

मग ज्याचा हात कायमचा थांबला आहे, त्याच्या मेंदूत अक्षर उरते का? आणि उरत असेल, तर ते बाहेर काढता येईल का?

या प्रश्नाचे ठोस उत्तर मे २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले फ्रँक विलेट, कृष्णा शेनॉय, शल्यविशारद जेमी हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसावर केलेले काम त्यात मांडले होते. निबंधात त्याचा उल्लेख ‘टी-५’ एवढाच आहे. २००७ साली त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि मानेखालच्या हालचाली जवळजवळ गेल्या. हातात उरली ती अगदी बारीक थरथर. त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागात इलेक्ट्रोडच्या दोन चिपा बसवल्या होत्या. त्याला सांगितले गेले, की हातात पेन आहे आणि समोर रेघी कागद आहे असे समजून लिहायचा प्रयत्न करा. तो प्रयत्न करी आणि स्क्रीनवर अक्षरे उमटत. वेग मिनिटाला ९० अक्षरे, अचूकता ९४.१ टक्के. त्याआधी स्क्रीनवरचा बाण मेंदूच्या संकेतांनी फिरवून अक्षरे निवडण्याची पद्धत होती. तिचा सर्वोत्तम वेग मिनिटाला ४० अक्षरांच्या आसपास होता. टी-५च्या वयाची धडधाकट माणसे मोबाइलवर मिनिटाला सुमारे ११५ अक्षरे टाइप करतात. यावरून मजल किती मोठी होती हे कळेल.

अशा बातमीवर सहसा ‘यंत्राने मन वाचले’ असा मथळा येतो. मला तो मथळा खटकतो. टी-५च्या मनात काय चालले आहे हे यंत्राला कळत नव्हते. त्याने लिहिले आणि यंत्राने ते लिहिणे ओळखले, एवढेच घडले. हा फरक शब्दच्छल वाटेल, पण या क्षेत्रात काय शक्य आहे, काय नाही आणि काय विकत घेऊ नये, हे सगळे त्या एका फरकावर ठरते. मी कोणत्याही विद्यापीठात किंवा प्रयोगशाळेत नाही. चेताविज्ञान मी खुल्या शोधनिबंधांतून शिकलो आणि संगणकाची बाजू जगभरच्या प्रयोगशाळांनी मोफत ठेवलेल्या नोंदींवर घरच्या यंत्रावर काम करत शिकलो. त्या अभ्यासातून जे समजले ते इथे मांडतो.

मेंदूतला हात

मेंदूच्या एका ठरावीक पट्ट्यात शरीराच्या हालचालींचे नियंत्रण असते, हे १८७० मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन संशोधकांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. माणसाच्या मेंदूतला या भागाचा नकाशा कॅनडात, मॉन्ट्रियलमध्ये, वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने तयार केला. रुग्ण जागा असताना मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य स्पर्श करायचा आणि शरीराचा कोणता भाग हलतो ते टिपायचे, ही त्याची रीत. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशात हात आणि चेहरा यांनी प्रचंड जागा व्यापलेली दिसते, तर पाठ आणि धड थोडक्यात आटोपते. सुईत दोरा ओवणारी, तबल्यावर तिरकिट वाजवणारी बोटे मेंदूत ऐसपैस बसलेली असतात. हाताच्या हालचालींचा शोध घेणाऱ्यांचे हे मोठेच भाग्य, कारण जागा मोठी म्हणजे इलेक्ट्रोड रोवायला वाव मोठा.

१९६९ मध्ये सिएटलमध्ये एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाच्या याच भागातल्या एकेका चेतापेशीचा आवाज एका काट्याला जोडला. पेशी जास्त वेळा ‘बोलली’ की काटा सरके आणि माकडाला खाऊ मिळे. काही मिनिटांत माकड ती पेशी मुद्दाम बोलती करायला शिकले. पुढे १९८०च्या दशकात अपोस्तोलोस जॉर्जोपोलोस यांनी दाखवले, की हात पुढे नेताना प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. त्या दिशेला हात जाणार असेल तर ती सर्वात जोरात बोलते. दिशा जसजशी लांब जाईल तसतसा आवाज उतरतो. एका पेशीवर विसंबून दिशा सांगता येत नाही, पण अनेकींच्या मतांची बेरीज केली की हात कुठे निघाला ते बऱ्यापैकी अचूक कळते. ग्रामसभेत एकाच्या बोलण्यावरून गावाचा कल कळत नाही. शंभर जणांचे ऐकले की कळतो, तसेच हे.

टी-५च्या प्रयोगाचा पाया हाच आहे. मज्जारज्जूच्या इजेत मेंदू आणि स्नायू यांच्यामधली तार तुटते. तारेच्या अलीकडची ग्रामसभा भरतच राहते. इतक्या वर्षांनीही त्या माणसाच्या मेंदूत अक्षरांची वळणे शाबूत होती. संशोधकांनी पेशींच्या नोंदींवरून पेनाच्या टोकाचा काल्पनिक मार्ग काढला, तेव्हा वाचता येतील अशी अक्षरे समोर आली.

नाट्यगृहाच्या आत आणि बाहेर

मेंदूचे संकेत दोन ठिकाणांहून टिपता येतात, कवटीच्या आतून किंवा बाहेरून.

आतून टिपण्यासाठी टी-५ला ज्या प्रकारच्या चिपा होत्या, त्यांचा उगम युटा विद्यापीठातला. चार मिलिमीटर बाजूच्या चौकोनी चकतीवर सुमारे शंभर सुया, प्रत्येकीची लांबी दीड मिलिमीटरपर्यंत. एकेक सुई आसपासच्या मोजक्या पेशी ऐकते. बाहेरून टिपण्याची पद्धत म्हणजे ईईजी. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी नोंदवला. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालायची, शस्त्रक्रिया नाही, जखम नाही. पण मिळणारा संकेत काही दहा मायक्रोव्होल्टचा, म्हणजे टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलच्या तीस हजाराव्या भागाच्या आसपास. शिवाय हाड आणि त्वचा ओलांडताना तो पसरतो आणि लाखो पेशींचा आवाज एकमेकांत मिसळून जातो.

नाटक रंगात आले असताना नाट्यगृहाच्या बंद दाराबाहेर उभे राहावे, तशी ईईजीची स्थिती असते. हशा ऐकू येतो, टाळ्या ऐकू येतात, मध्यंतर झाले हेही कळते. संवाद मात्र कळत नाही. हात स्थिर असताना मेंदूच्या हालचालींच्या पट्ट्यात सेकंदाला ८ ते १३ वेळा होणारे एक आंदोलन ऐकू येते. हात हलवला, किंवा हलवण्याची नुसती कल्पना केली, की ते मंदावते. उजव्या हातासाठी मुख्यतः डाव्या बाजूला, डाव्यासाठी उजव्या. त्यामुळे उजवा की डावा, हात की पाय, हे ईईजीवरून सांगता येते. ‘क’ लिहिला की ‘फ’, हे दाराबाहेरून कळण्याची अपेक्षा धरू नये.

यंत्र शिकते ते कसे

पूर्वी संशोधक स्वतः ठरवत, की संकेतातले काय मोजायचे. अमुक आंदोलनाची ताकद, तमुक इलेक्ट्रोडमधला फरक, असे मोजून पुढे साध्या गणिताने निवाडा करायचा. डीप लर्निंगमध्ये कच्चा संकेत जवळजवळ तसाच न्यूरल नेटवर्कला दिला जातो. नेटवर्क म्हणजे एकावर एक रचलेल्या गणिती चाळण्या. चाळणीची भोके किती आणि कुठे असावीत हे ठरवणारे हजारो-लाखो आकडे सुरुवातीला वाटेल तसे असतात. उदाहरण दाखवायचे, नेटवर्कचे उत्तर घ्यायचे, चूक मोजायची आणि ती किंचित कमी होईल अशा बेताने सगळे आकडे सरकवायचे. हे असंख्य वेळा केले की चाळण्या कामाच्या होतात.

ईईजीसाठी गाजलेले ‘ईईजीनेट’ हे नेटवर्क मुद्दाम लहान ठेवलेले आहे. त्यात असे आकडे फक्त काही हजार. पहिली चाळणी काळाची, म्हणजे कोणती आंदोलने ऐकायची याची. दुसरी जागेची, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडचे किती ऐकायचे याची. जुने संशोधक हाताने करत तेच काम नेटवर्क स्वतः शिकते. म्हणून फायदाही बेताचाच होतो. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या गटाने २०१७ मध्ये दोन्ही पद्धती ईईजीच्या त्याच नोंदींवर तपासल्या, तेव्हा जुनी पद्धत सरासरी ८२.१ टक्क्यांवर आणि नवी ८४ टक्क्यांवर आली. दाराबाहेर उभ्या माणसाला कितीही चांगले कान दिले तरी जे ऐकूच येत नाही ते त्याला कळणार कसे?

टी-५च्या बाबतीत संकेत स्वच्छ होता, पण अडचण वेगळीच होती. नेटवर्कला शिकवताना ‘या क्षणी हे अक्षर’ असे बरोबर उत्तर लागते. इथे पेन हलतच नव्हते! वाक्य कोणते ते ठाऊक, पण कोणते अक्षर कधी सुरू झाले आणि कधी संपले, याची नोंद नाही. संशोधकांनी बोललेले शब्द ओळखण्याच्या शास्त्रातली एक जुनी गणिती युक्ती उसनी घेतली आणि प्रत्येक वाक्यातल्या अक्षरांच्या सीमा अंदाजाने आखल्या. दुसरी अडचण नमुन्यांच्या तुटपुंजेपणाची. थकणाऱ्या माणसाकडून हजारो वाक्ये लिहून घेता येत नाहीत. म्हणून अक्षरांचे तुकडे सुटे करून, त्यांची उलटसुलट जोडणी करून नवी कृत्रिम वाक्ये बनवली आणि त्यांवरही नेटवर्कला तालीम दिली. शब्दांमधली मोकळी जागा हवेत लिहिता येत नाही, म्हणून तिच्यासाठी ‘>’ ही खूण ठरवली आणि पूर्णविरामासाठी ‘~’. प्रयोग यशस्वी होण्यात नेटवर्कच्या अक्राळविक्राळ आकारापेक्षा अशा साध्या, विचारपूर्वक केलेल्या सोयींचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

रेघेपेक्षा अक्षर सोपे

या कामातली मला सर्वात आवडलेली गोष्ट ऐकायला उलटी वाटते. बाण सरळ रेषेत नेण्यापेक्षा वळणदार अक्षर लिहिण्याचा प्रयत्न ओळखणे यंत्राला सोपे गेले. कारण असे, की सरळ रेषेच्या प्रयत्नात मेंदूतला संकेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकाच वळणाचा राहतो. शेजारशेजारच्या दोन दिशांचे संकेत सारखे दिसतात आणि थोड्या गोंगाटाने त्यांची अदलाबदल होते. अक्षर लिहिताना मात्र दिशा आणि वेग क्षणोक्षणी बदलतात. दोन अक्षरे एका क्षणी सारखी असली तरी पुढच्या क्षणी वेगळी होतात. जवळजवळचे दोन स्वर ओळखायला तयार कान लागतो. दोन गाण्यांच्या चाली कोणालाही वेगळ्या ओळखू येतात.

साहजिकच मनात देवनागरी येते. शिरोरेषा बहुतेक अक्षरांना सारखी, म्हणजे ओळखण्याच्या दृष्टीने तिचा उपयोग फारच थोडा; तिच्यात फक्त वेळ जाईल. आपल्या मोडी लिहिणाऱ्यांनी ती आधीच ओळभर आखून टाकण्याची रीत पाळली होती. उद्या मराठी माणसासाठी असे यंत्र बनलेच, तर शिरोरेषा गाळून, काना-मात्रांसाठी ठळक वेगळ्या खुणा ठरवून सुरुवात करावी लागेल असे मला वाटते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गाठ कशी सोडवायची, हा प्रश्न आपल्याच भाषेतल्या कोणीतरी हाती घ्यायला हवा.

आकडा कसा वाचावा

खुल्या नोंदींपैकी ज्यावर मी सर्वाधिक वेळ घालवला, तो संच स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बारा धडधाकट माणसांनी एक लहान वस्तू दोन बोटांत धरून उचलली आणि परत ठेवली. एकूण ३,९३६ वेळा. वस्तूचे वजन कधी १६५, कधी ३३०, कधी ६६० ग्रॅम. पृष्ठभाग कधी सँडपेपरचा, कधी रेशमाचा. त्या वेळी ३२ इलेक्ट्रोडचा ईईजी चालू होता. २०१५ मध्ये यावर जगभरासाठी स्पर्धा झाली. ईईजीवरून सहा क्षण ओळखायचे होते: हात निघाला, पहिले बोट टेकले, पकड घट्ट होऊ लागली, वस्तू उचलली, परत ठेवली, बोटे सुटली. विजेत्यांचा गुणांक ०.९८च्या घरात गेला. या मोजपट्टीवर १ म्हणजे निर्दोष आणि ०.५ म्हणजे नाणेफेक.

आकडा थक्क करणारा आहे, पण तो वाचायला शिकावे लागते. एक तर सहाही घटना नेहमी त्याच क्रमाने घडतात. हात कधी निघाला हे सापडले, की पुढचे पाच क्षण घड्याळ लावूनही बरेच सांगता येतात. दुसरे, हात पुढे करण्याची सूचना एका दिव्याने मिळत होती. दिवा दिसल्यावर डोक्याच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचे काम चालते, तिथे प्रतिसाद उमटतो. नेटवर्क हात ओळखते आहे की दिवा, याची खात्री मागचे इलेक्ट्रोड वगळून पाहिल्याशिवाय होत नाही. तिसरे, परीक्षेला तीच बारा माणसे होती. अनोळखी माणूस आणला की अशी नेटवर्क्स अडखळतात, कारण प्रत्येकाच्या मेंदूच्या घड्या वेगळ्या.

त्या स्पर्धेचा एक नियम मात्र मला फार मोलाचा वाटतो. ज्या क्षणाबद्दल अंदाज सांगायचा, त्या क्षणानंतरची नोंद वापरायची नाही. नोंदी संगणकात साठवलेल्या असतात तेव्हा पुढचे पान चोरून वाचण्याचा मोह सोपा असतो. खऱ्या रुग्णाच्या हाताला जोडलेल्या यंत्रापाशी पुढचे पान नसते.

विकत घेण्याआधी

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. काही काळापूर्वी एका परिचिताच्या मुलाचा फोन आला. वडिलांना पक्षाघात होऊन वर्ष झाले होते, उजवा हात उठत नव्हता. कोणा विक्रेत्याने कपाळावर बांधायची एक पट्टी दाखवली होती आणि ‘विचार केला की हात हलेल’ असे सांगितले होते. “काका, दागिना मोडायची तयारी आहे आमची. घेऊ का?” असा त्याचा प्रश्न होता.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली जागेची. हालचालींचा पट्टा एका कानाकडून टाळूवरून दुसऱ्या कानाकडे जातो. कपाळ त्यापासून दूर आणि डोळ्यांच्या अगदी जवळ आहे. पापणी मिटली, भुवई उचलली, दात आवळले की तिथे जो विद्युतसंकेत उठतो तो मेंदूच्या संकेताला सहज झाकून टाकतो. “विक्रेत्यासमोर तू स्वतः पट्टी बांध, काहीही विचार न करता नुसते दात आवळ, आणि दिवा लागतो का ते बघ,” असे मी म्हणालो. दुसरी गोष्ट आजाराची. टी-५चा मेंदू शाबूत होता, तार तुटली होती. पक्षाघातात खुद्द मेंदूलाच किंवा त्यातून निघणाऱ्या वाटांना इजा झालेली असते. एकाचे यश दुसऱ्याला तसेच्या तसे लागू होत नाही.

याचा अर्थ पक्षाघाताच्या रुग्णांसाठी काहीच नाही असा नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये ‘इप्सिहँड’ या ईईजीवर चालणाऱ्या उपकरणाला परवानगी दिली. ते मेंदूच्या इजा न झालेल्या बाजूचे संकेत टिपते आणि रुग्णाने प्रयत्न केला की हातावर चढवलेला सांगाडा बोटे उघडतो-मिटतो. ते व्यायामाला जोड देणारे साधन आहे; फिजिओथेरपीची जागा ते घेत नाही. त्या मुलाला मी तेच म्हणालो, की दागिना मोडायचाच तर नियमित फिजिओथेरपीसाठी मोड, आणि आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचार.

कवटीच्या आतल्या मार्गालाही किंमत आहे. सुयांभोवती ऊतक वाढते, सुई किंचित सरकते, काल शिकलेले नेटवर्क आज चुकू लागते. टी-५साठीही ते पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागे. न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णाला जानेवारी २०२४ मध्ये बसवलेल्या उपकरणाचे काही धागे मागे सरकले, हे कंपनीनेच जाहीर केले. ओहायोतील इयन बर्कहार्ट याला २०१४ मध्ये चिप बसवली गेली. मेंदूचे संकेत टिपून कोपराखालच्या हातावरच्या इलेक्ट्रोडनी त्याच्याच स्नायूंना चालना दिली जाई आणि तो बाटली उचलून ओतू शके. २०२१ मध्ये ती चिप काढावी लागली. प्रयोग संपला की यंत्र प्रयोगशाळेत राहते. माणूस मात्र हाताची चव पुन्हा चाखून घरी परततो. त्याच्या पुढच्या वर्षांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न गणिताइतकाच गंभीर आहे.

म्हणून अशी बातमी वाचली की चार प्रश्न विचारावेत. संकेत कुठून घेतला, कवटीच्या आतून की बाहेरून? नेटवर्कने त्या क्षणापर्यंतचेच ऐकले, की पुढचेही? नव्या माणसावर, नव्या दिवशी ते चालले का? डोळे आणि जबडा यांचा हात त्यात नव्हता, हे कसे तपासले? ही उत्तरे मिळाली तर आकडा खुशाल मानावा.

आणि उत्तरे समाधानकारक असली, तरी श्रेय वाटताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या मिनिटाला ९० अक्षरांसाठी एक माणूस हलू न शकणाऱ्या हाताने, प्रत्येक अक्षराचे प्रत्येक वळण, खरोखर लिहीत होता. नेटवर्कने त्याचे अक्षर वाचले. त्याने लिहायचे सोडले असते, तर जगातल्या कोणत्याही यंत्राला तिथे वाचण्यासारखे काही सापडले नसते.